आजींचं गाव वर आलंच नाही

मी शेफील्डला राहते, कम्युनिटी फिजिओ आहे. म्हणजे हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या पेशंटकडे गाडी घेऊन जायचं, त्यांना उठवायचं, चालवायचं, जिना चढवायचा आणि मग गाडीत बसून फॉर्म भरत बसायचं. बहुतेक पेशंट ऐंशीच्या आसपासचे, पडून खुबा मोडलेले. ही गोष्ट २०१८ च्या दिवाळीच्या सुमाराची. पेशंट कोण ते कळू नये म्हणून एकदोन बारीक गोष्टी बदलल्यात.

त्या वर्षी उन्हाळा असा काही कडक गेला की इंग्लंडमधे लोक पावसाची वाट बघायला लागले, लिहितानाही हसू येतंय. शेफील्डच्या पश्चिमेला डर्बीशरच्या डोंगरात लेडीबॉवर नावाचं धरण आहे, ते आटत आटत गेलं आणि पाण्याखाली गेलेलं डरवेंट गाव वर आलं. वर आलं म्हणजे काय, तर डरवेंट हॉल नावाची जी जुनी हवेली होती, १६७२ सालची, तिचे दगडांचे ढीग, एखादी चौकट, भिंतींच्या खुणा, एवढंच. पण टीव्हीवर दाखवलं, पेपरात ड्रोनचे फोटो आले आणि मग जत्राच. ए-५७ रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, चिखलात उतरून सेल्फी, कोणीतरी चिखलात मांडीपर्यंत रुतला म्हणून माउंटन रेस्क्यूच्या लोकांना बोलवावं लागलं.

माझी त्या दिवशीची पेशंट धरणाच्या बरोब्बर खाली राहणारी. धरण बांधताना ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी वॉटर बोर्डाने भिंतीच्या खालच्या अंगाला यॉर्कशर ब्रिज म्हणून वसाहत बांधली, दगडी, नीटनेटकी घरं, अजूनही दिसायला छान. मी ट्रॅफिकमधे अडकून चांगलीच उशिरा पोचले, सॉरी सॉरी करत आत शिरले तर आजी खुर्चीतूनच म्हणाल्या, "तू पण दगड बघायला गेली होतीस वाटतं?"

आजी चौऱ्याऐंशीच्या. स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचा अर्धा सांधा बदललेला, वॉकरची फ्रेम धरून चालत होत्या आणि त्या फ्रेमचा त्यांना मनापासून राग होता. डोकं एकदम शाबूत, जीभ तर विचारूच नका.

मी आपलं गोड बोलायचं म्हणून म्हटलं, "पण किती छान ना, एवढ्या वर्षांनी तुमचं गाव परत दिसलं." फाइलमधे वाचलेलं की आजी 'बुडालेल्या गावातल्या' आहेत. आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी बॅगेच्या पट्ट्याशी चाळाच सुरू केला. म्हणाल्या, "ते माझं गाव नाही. माझं अ‍ॅशॉप्टन. ते दिसत नाही. ते कधीच दिसत नाही."

तर हे मला इतकी वर्षं त्या रस्त्याने जाऊन येऊन माहीतच नव्हतं, आणि मला वाटतं तिथे सेल्फी काढणाऱ्या निम्म्या लोकांनाही नसेल. या धरणात गावं गेली दोन. डरवेंट वरच्या अंगाला, तिथे चर्च, हॉल, बडी मंडळी. आणि अ‍ॅशॉप्टन खाली, शेफील्डहून ग्लॉसपला जाणाऱ्या रस्त्यावर, एक घोडागाड्यांच्या काळातली खानावळ-पब, एक मेथडिस्ट प्रार्थनाघर, थोडी घरं. पाणी आटलं की वर येतं ते डरवेंट, १९७६ ला आलं, १९९५ ला आलं, आणि मग त्या वर्षी. अ‍ॅशॉप्टन पाणी सोडायच्या आधीच पाडून सपाट केलेलं आणि त्यावर आता गाळाचा थर, त्यामुळे दुष्काळ कितीही पडो, तिथे बघायला काही नाही. त्या जागेवरून आज जो लांबलचक पूल जातो, अ‍ॅशॉप्टन व्हायाडक्ट, त्यावरूनच सगळे गाड्या हाकत डरवेंट बघायला जातात.

आणि तो पूल म्हणे आधी बांधला. गाव खाली तसंच, घरांच्या धुराड्यांतून धूर निघतोय, आणि डोक्यावर हे सिमेंटचे खांब. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांच्या. सांगत होत्या, "एवढा उंच पूल कशाला, खाली तर नदीला गुडघाभर पाणी, असं मी वडिलांना विचारलं होतं." वडील काय म्हणाले विचारलं तर म्हणाल्या काही नाही, चहा पीत राहिले.

हे सगळं बोलणं उठ-बस, उठ-बस चालू असताना, कारण माझ्याकडे वेळ नव्हता आणि आजींना दम लागला की त्या गप्प बसायच्या ऐवजी जास्तच बोलायच्या. मग जिना. ह्या घरांचे जिने अरुंद आणि चढे, कठडा एकाच बाजूला. वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी, हे मी दिवसातून इतक्यांदा बोलते की झोपेतही बोलत असेन. आजी चौथ्या पायरीवर थांबून म्हणाल्या, हे घर मिळालं तेव्हा आईला सगळ्यात आनंद कसला झाला सांगू, बाथरूमचा. घरात नळ, घरात टब. गावात पंपावरून पाणी आणायचं. "लोक येतात, डोळ्यात पाणी आणून विचारतात गाव सोडताना किती वाईट वाटलं. मला बाई टब आठवतो." मी हसले तर ओरडल्या, हसू नकोस, मी पडेन.

पण मग लगेच पुढच्या पायरीवर दुसरंच. वडील शेतावर कामाला होते, स्वतःची जमीन नाही, घरही भाड्याचं, त्यामुळे जमिनीचा पैसा गेला मालकांकडे आणि वडिलांना नवं काम शोधावं लागलं, ते धरणावरच मिळालं. स्वतःचं गाव बुडवायच्या कामावर मजुरी. हे त्यांनी टबाच्याच आवाजात सांगितलं, आणि मीच कठड्यावर हात ठेवून थांबले होते.

खाली आल्यावर तो दगड दिसला. खिडकीत, खाली वर्तमानपत्र घातलेलं, ते ओलं होऊन पिवळं पडलेलं. दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा, एका बाजूने नीट घडवलेला, छिन्नीच्या तिरक्या रेघा स्पष्ट, दुसऱ्या बाजूला सुकलेला काळा गाळ, आणि वास, विहीर उपसल्यावर येतो तसा. नातवाने आणून दिलेला. बिचाऱ्याने चिखलात उतरून आजीसाठी गावाची आठवण म्हणून आणला आणि आजी गेले आठ दिवस त्याच्याकडे बघून धुमसत होत्या. "हॉलचा आहे. आमच्या घरांना असले घडीव दगड नव्हते. माझी मावशी त्या हॉलमधे कामाला होती, मागच्या दाराने जायची. आणि आता तो माझ्या खिडकीत पुढच्या बाजूला बसलाय."

हॉलचं नंतर यूथ हॉस्टेल झालेलं, १९३२ मधे, प्रिन्स ऑफ वेल्स उद्घाटनाला आला होता, म्हणजे शेवटची काही वर्षं तिथे चालायला येणारी पोरंपोरी राहायची. हे मी नंतर वाचलं आणि पुढच्या वेळी उत्साहाने सांगायला गेले. आजी म्हणाल्या, "शेफील्डची पोरं पुढच्या दाराने जायची. मावशी मागच्याच."

डरवेंटच्या चर्चबद्दल मात्र त्या जरा मऊ बोलल्या. गाव रिकामं केलं, १९४३ च्या मार्चमधे शेवटची प्रार्थना झाली, पण चर्चचा मनोरा आठवण म्हणून तसाच ठेवला होता आणि धरण भरल्यावर तो पाण्यातून वर दिसायचा. १९४५ च्या सप्टेंबरला राजा सहावा जॉर्ज उद्घाटनाला आला. नंतर मनोऱ्यापर्यंत पोहत जायची पोरांची पैज लागायला लागली, धोका नको म्हणून १९४७ च्या डिसेंबरमधे तो सुरुंग लावून पाडला. इथे कुणालाही विचारा, पाणी कमी झालं की घंटा ऐकू येते असं सांगतील. आजींना विचारलं तर, "घंटा डर्बीजवळ चॅडस्डेनच्या चर्चमधे आहे. तिथे जाऊन ऐक."

आता आमच्या फॉर्ममधे एक रकाना असतो, पेशंटचं ध्येय. पेशंटला स्वतःच्या शब्दात विचारायचं, बरं झाल्यावर काय करता यायला हवं. लोक सांगतात दुकानापर्यंत चालायचंय, नातीच्या लग्नात उभं राहायचंय, एकाने सांगितलं होतं पबच्या टॉयलेटचा जिना. आजींच्या फाइलमधे हॉस्पिटलमधल्या कुणीतरी आधीच लिहून टाकलेलं, 'बुडालेल्या गावाचे अवशेष पाहायला जाणे'. बहुतेक नातवानेच सांगितलं असणार. मी ते वाचून दाखवलं. त्यांनी ते खोडायला लावलं, माझ्या समोर, आणि म्हणाल्या लिही, बॅमफर्ड गावातल्या चर्चच्या आवारात चढ चढून जायचं, फ्रेमशिवाय, काठी चालेल. कारण डरवेंटच्या दफनभूमीतले लोक उकरून बॅमफर्डला नेऊन परत पुरले, त्यात त्यांचे आजोबा. "ते एकटेच आमच्यातले, ज्यांना दोन्हीकडे जागा मिळाली."

निघताना म्हणाल्या दगड घेऊन जा. आता आम्हाला पेशंटकडून काही घ्यायचं नसतं, चॉकलेटचा डबा मिळाला तरी रजिस्टरमधे नोंद करायची, त्यात सतराव्या शतकातल्या हवेलीचा दगड कुठल्या रकान्यात बसवणार? तरी घेतला. गाडीच्या डिकीत वॉकरच्या पायांच्या रबरी टोप्यांशेजारी ठेवला आणि शेवटची व्हिजिट झाल्यावर तिकडे गेले, कामाचे बूट चिखलाने भरवून तो जमेल तितका आत नेऊन ठेवला. एक माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, बाहेर नाही न्यायचे हं दगड. मी म्हटलं आत आणतेय. त्याला ते पटलं नाही.

मी मुळातली इंदापूर तालुक्यातली. उजनीच्या पाण्यात आमची वाडी गेली, माझ्या जन्माआधी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, लोक बोटी करून जातात, फोटो काढतात, येताना भिगवणला मासे खातात. लहानपणी कुणी विचारलं तुमचं गाव कुठलं बुडालं तर मी पण ऐटीत ते मंदिरच दाखवायचे. आमची वाडी त्याच्यापासून बरीच लांब आणि तिथलं काहीसुद्धा कधी वर आलेलं मी पाहिलेलं नाही. मातीच्या भिंती, पत्रे लोकांनी आधीच काढून नेलेले, राहणार काय.

रात्री घरी फोन लावला आणि बाबांना सगळं सांगितलं, दगड, पूल, मावशी. बाबा शांत ऐकत होते. मनोऱ्याचं, राजाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

"जमिनीच्या बदल्यात जमीन दिली का गं त्यास्नी?"

म्हटलं जमीन त्यांची नव्हतीच, घर दिलं, भाड्याचं.

"भाड्याचं?" बाबा एकदम चिडलेच. "पाण्यात घालवलं आन् वरनं भाडं? किती घ्यायचे इचार की तिला. आन् पाण्याची पट्टी लावली व्हती का, ते बी इचार."

ते पाणी डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर आणि शेफील्डला जातं, म्हणजे माझ्याही नळाला थोडंफार येत असणार, हे मी बाबांना सांगितलं नाही. पुढच्या व्हिजिटच्या नोटमधे कठडा दुसऱ्या बाजूने बसवून घेणे, काठी बदलणे, आणि खाली मराठीत, भाडं विचारणे, एवढं लिहून ठेवलं.