डबा नऊला भरतो, उघडतो एकला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘स्वयंपाक येत नव्हता म्हणतेस, मग रोजचा डबा जमतो कसा?’ जेवणाच्या सुट्टीत हा प्रश्न ठरलेला. पहाटे उठत असेन, अशी बहुतेकांची समजूत. छे! सकाळी मी फक्त डबा भरते.

सुरुवातीला रोज नवी पाककृती करायचे. प्रत्येकीसाठी एखादी बाटली किंवा पुडी आणायची, त्यातलं चमचाभर वापरायचं, बाकीचं तसंच पडून. बाहेर जेवले असते तर स्वस्तात पडलं असतं. त्यात एकदा कुरकुरीत परतलेले बटाटे गरमागरम डब्यात कोंबले. दुपारी झाकणाला थेंब आणि आत लगदा. तेव्हा कळलं, गॅसवरून उतरताना पदार्थ कसा लागतो याला काहीच अर्थ नाही. चार तासांनी कसा लागेल ते बघायचं.

त्या परीक्षेत हरभरे पहिले आले. मुरले की उलट जास्त चांगले लागतात. 8-10 तास भिजवले की वाटीभराचे दोन वाट्यांहून जास्त होतात, त्यामुळे खिशालाही परवडतात. पहिल्यांदा मी टोमॅटो घालूनच शिजत ठेवले आणि तासभर वाट बघितली, दाणे टणकच. आंबटाने ते मऊ व्हायला वेळ लागतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! आता आधी शिजवते, टोमॅटो नंतर. गार करून फ्रिजमध्ये ठेवले की 3 दिवस निघतात.

भाताच्या बाबतीत मात्र मी भित्री आहे. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला तर नेत नाही. शिजवूनही तग धरणारे काही जिवाणू त्यात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात ताटात पसरते, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. 2 तासांच्या आत, आणि दुसऱ्याच दिवशी संपवते.

कंटाळा? येतो की. हरभरे संपतात त्या दिवशी तर हमखास. मग दोन उकडलेली अंडी, मिरपूड आणि अख्खी काकडी. काकडी तिथेच चिरते. सकाळी चिरून मीठ लावून नेली, तर अंडी पोहायला लागतात.