तुम्ही विचारलंत म्हणून: ‘होय’ कोण म्हणालं?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, बाराव्याला विचारतात, एकदा तर दातांच्या दवाखान्यात तोंड उघडं असताना विचारलं. “इतकी वर्षं विधानसभेच्या पत्रकार कक्षात बसलात ना? मग सांगा बघू, त्या विधेयकाला आमच्या आमदारानं मत दिलं की नाही?” विधेयक दर वेळी वेगळं असतं. कधी जमिनीचं, कधी पंचायतींचं, कधी नगर नियोजनाचं. मी “माहीत नाही” म्हणतो. समोरचा हसतो. त्या हसण्याचा अर्थ मला आता पाठ झालाय: लपवतोय, नाहीतर पाकीट मिळालंय.

तर एकदाच नीट लिहून टाकतो. मला माहीत नाही, कारण ते कुठेच लिहिलेलं नसतं.

पर्वरीत, म्हणजे आमच्या गोव्याच्या विधानसभेत, चर्चा चालते कोकणीत, मधूनच मराठीत, आकडे आले की इंग्रजीत. पण विधेयक मताला आलं की सगळं इंग्रजी, आणि तेही आरतीच्या शेवटच्या कडव्यासारखं, एका दमात. “क्लॉज टू टू क्लॉज नाइन स्टँड पार्ट ऑफ द बिल. दोज इन फेव्हर मे से आय.” सत्ताधारी बाकांवरून एक लांबट “आऽऽय”, म्हणजे ‘होय’, येतो. मोबाइलवरची नजर न काढताही देता येतो असा. “दोज अगेन्स्ट मे से नो.” समोरून दोन-तीन ‘नो’, एखादा उगाच मोठ्यानं. “आयीज हॅव इट, आयीज हॅव इट.” पुढे शीर्षक, प्रस्तावना, पुन्हा तेच, आणि “द बिल इज पास्ड”. हातातला चहा निवायच्या आत कायदा होतो. कामकाजाच्या अहवालात त्याचं एक वाक्य पडतं: विधेयक संमत. त्या ‘आय’मध्ये तुमच्या आमदाराचा आवाज होता की तो तेव्हा खाली कँटीनमध्ये भजी खात होता, हे अहवालाला ठाऊक नसतं. आता थेट प्रक्षेपण असतं म्हणून काही जण मला क्लिप पाठवतात. बघा की! कॅमेरा सभापतींवर असतो आणि आवाज सभागृहाचा असतो.

नावं नोंदवायची सोय नाही असं नाही. कोणाही सदस्यानं मतविभागणी मागितली की मोजणी होते, नावं चढतात. मागतात किती जण? माझ्या इतक्या वर्षांत अशा वेळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

विश्वासदर्शक ठराव मात्र वेगळा. मार्च २०१७ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं विश्वास मिळवला तो २२ विरुद्ध १६ असा. मार्च २०१९ मध्ये प्रमोद सावंतांचा २० विरुद्ध १५. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारा. डोकी मोजली होती म्हणून ते पाठ आहेत. खुर्चीचा प्रश्न असला की डोकी मोजतात. शेताचा, घराचा, ओहोळाचा असला की आवाज ऐकतात.

आणि आपण गोवेकर काही आकड्यांना विसरणारी माणसं नव्हे. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. विधानसभेत विलीनीकरणवादी मगोपचं (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं) बहुमत होतं, तिथं हात वर करून गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाचा निकाल लागू नये म्हणून विरोधी नेते जॅक सिक्वेरांनी लोकांचं मत घ्यायचा आग्रह धरला, आणि तो मान्य झाला. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. आमच्या घरात फूल. बाबांना मरेपर्यंत ३४,०२१ हा आकडा तोंडपाठ होता, तितक्या मतांनी ते हरले होते म्हणून. जिंकलेल्यांच्या घरीही तोच आकडा पाठ. हरणाऱ्याला किती मतांनी हरलो हे तरी कळलं. तेवढं तरी कूळ कायद्याच्या बाबतीत माझ्या बापूकाकांना मिळायला हवं होतं.

इथवर आलोच आहे, तर ते सांगतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर हेच विचारायचं असतं, पण तोंडावर विचारवत नाही.

१९६४ चा कूळवहिवाट कायदा, १९७६ ची पाचवी दुरुस्ती, कसेल त्याची जमीन, हे सगळं तुम्हाला मी सांगायला नको. आमचं एक सरद, म्हणजे पावसाळी पिकाचं, शेत, आजोबांपासून आमच्याकडे. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, वारसांनी हरकत घेतलेली आणि खटला मामलेदाराकडे. कधीपासून? मी कॉलेजात होतो तेव्हापासून. तारखेला बापूकाका स्वतः जायचे. वकील नाही. पांढरा सदरा, बगलेत फायल, बसनं. मामलेदारापुढे उभे राहून कोकणीत बोलायचे. मेर (शेताची हद्द) कुठे, बांध कोणी घातला, कोणत्या साली पाणी आत आलं. मामलेदार बदलायचे, काका पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. निकाल लागत नव्हता, पण काकांना आपण बोललो याचं समाधान असायचं.

२०१४ साली कूळ कायद्यात दुरुस्ती आली. कुळांचे खटले मामलेदाराकडून काढून दिवाणी न्यायालयात, आणि दावा करायला मुदत. त्या दिवशी मी कक्षात होतो. विधेयकाची प्रत माझ्या मांडीवर होती. हे ‘मांडीवर होती’ मुद्दाम लिहितोय, कारण बरीच वर्षं मी लोकांना आणि स्वतःला सांगत आलो की प्रती वेळेवर मिळत नाहीत. मिळत नाहीत हे खरंच आहे. शेवटच्या दिवशी गठ्ठा येतो आणि वाचायला वेळ नसतो, हेही खरं. पण ती प्रत मिळाली होती.

मी शेवटचं पान वाचलं. पत्रकार तेच वाचतो. ‘उद्देश आणि कारणे’. उद्देश नेहमी गोडच असतात. वर्षानुवर्षं रखडलेले खटले, जलद न्याय. मधली कलमं मी वाचली नाहीत. त्या दिवशी मथळा दुसराच होता, सभागृहात सभापतींसमोरच्या हौद्यात धाव घेण्यावरून काही तरी झालं होतं. काय झालं होतं ते आता आठवतही नाही, पण त्यावर मी सव्वा कॉलम लिहिला. कूळ दुरुस्तीला चार ओळी. मथळा माझाच: ‘कूळ खटले जलद निकाली निघणार’. ‘निघणार’. शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. इतके खूश की मला आधी कळेचना कोण बोलतंय. “बाबू, वाचलं रे. आता सुटतलें.” आता सुटेल. वहिनीनं मागाहून सांगितलं, त्यांनी ते कात्रण कापलं, मागं कोरा कागद चिकटवला आणि फायलीत ठेवलं. पुतण्यानं लिहिलंय म्हणजे तो आत बसून लिहितोय, त्याला ठाऊक असणारच.

खटला दिवाणी न्यायालयात गेला. पहिल्या तारखेला काका नेहमीसारखे उभे राहिले आणि बोलायला लागले. त्यांना बसायला सांगितलं. वकील आणा. वकील आणला. वकिलाची फी एका तारखेला किती होती ते लिहीत नाही, पण त्या वर्षी वायंगणाचं, म्हणजे हिवाळी पिकाचं, भात विकून जे आलं ते तिथंच गेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, काका म्हणायचे, तिथं आपल्या शेताबद्दल इंग्रजीत बोलतात. आपल्या मेरेला काय म्हणतात कोणास ठाऊक. बाहेर बाकावर बसून राहायचं, वकील आला की “पुढची तारीख” ऐकायचं आणि बस पकडायची.

त्या काळात एकदा चुलतभाऊ, आमचा दादा, चतुर्थीच्या दिवशी गणपतीवरची फळांची माटोळी बांधताना म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही, नारळ बांधत होता. “तूं थंयच आशिल्लो मरे?” तू तिथंच होतास ना. एवढंच. मी त्याला आवाजी मतदान समजावायला लागलो. आय, नो, मतविभागणी, कोणी मागितली नाही तर नावं नोंदत नाहीत... त्यानं सुंभाची गाठ मारली आणि म्हणाला, “आमदाराचें सोड. तुजें विचारतां.”

त्या दुरुस्तीविरुद्ध गावोगाव सभा झाल्या, मोर्चे निघाले. पुढे खटले परत मामलेदाराकडे आणले गेले. तेही विधेयक संमतच झालं, तेही त्याच ‘आय’नं. ज्या बाकांवरून पहिलं ‘आय’ आलं होतं, त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्यालाही म्हटलं? पुन्हा तुमचाच प्रश्न, आणि माझं उत्तरही तेच. फायल परत आली तोवर बापूकाका गेले होते.

आता माझी बाजू. आहे, अगदीच नाही असं नाही. मी चाळीस आमदारांमागे धावणारा एकटा माणूस, कार्यालयाला आठ वाजता पान हवं. मी कलमं वाचली असती तरी दुरुस्ती अडली असती का? नाही. बातमी पाचव्या पानावरच गेली असती. आणि मतविभागणी झाली असती तरी काय? पक्षादेश असतो. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते. मग नावं नोंदली तरी पक्षाचीच नोंद झाली, माणसाची कुठे? शिवाय पक्ष तरी कुठला धरायचा? जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आठ आमदार एका दमात भाजपात गेले. सोमवारी एका बाजूनं मत दिलेला माणूस पुढच्या अधिवेशनात समोरच्या बाकावर असतो. असं मी कितीतरी वेळा म्हटलंय, कितीतरी जणांना गप्प केलंय.

पण हेच सगळं मी तरुणपणी उलट म्हणत असे. नव्यानं कामाला लागलो तेव्हा, विधानसभा अजून मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्यात होती, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी मी तावातावानं भांडलो होतो की प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतदान झालं पाहिजे, पक्षादेश असला तरी. माणसाला आपलं नाव कागदावर चढताना दिसलं पाहिजे. ते हसले होते. आता मी त्यांच्याच जागी बसून हसतोय. त्या पोराला उत्तर काय द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तो भाबडा होता इतकंच म्हणता येतं, आणि ते पुरत नाही.

३० जुलै २०२१ चं घ्या. मी तोवर निवृत्त झालो होतो, घरीच बघत होतो. तीन दिवसांचं अधिवेशन, शेवटचा दिवस, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक. तीस वर्षं राहिलेल्याला भूमिपुत्र म्हणायचं आणि अडीचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेतल्या घरावर मालकी मागू द्यायची. विरोधकांनी सभात्याग केला. विधेयक संमत. चार दिवसांत गावडा, कुणबी, वेळीप या आदिवासी समाजांतून ओरड झाली, आमची ओळख कोणाला वाटताय म्हणून. मुख्यमंत्र्यांना ‘भूमिपुत्र’ शब्द काढतो म्हणावं लागलं आणि ते राज्यपालांकडे गेलं नाही. मला त्या आठवड्यात सतरा फोन आले. आमचा आमदार होता का आत? मी सभात्यागावर चिडलो होतो. बाहेर जाऊन कॅमेऱ्यासमोर बोलण्यापेक्षा आत राहून मतविभागणी मागा की, नावं तरी चढतील! मग आठवलं की सभात्याग केला की बातमी पहिल्या पानावर येते, आणि मतविभागणी मागणाऱ्या एकट्या आमदाराला आम्ही एक ओळ देतो. ही सवय त्यांना लावली कोणी?

हल्ली दादा अधूनमधून नव्या विधेयकाची प्रत मोबाइलवर पाठवतो. “बघ जरा.” मी मधली कलमं वाचतो, पेन्सिलीनं खुणा करतो, फोन करून सांगतो. तो “बरें” म्हणतो. माझ्यावर त्याचा विश्वास बसलाय की मला काही तरी करायला देतोय, हे मी विचारलेलं नाही.

खटला चालूच आहे. काकांच्या जागी वारस लावायचे होते, म्हणून गेल्या महिन्यात दादानं फायल माझ्या घरी आणली, कागद लावून दे म्हणाला. न्यायालयात गेली होती तेव्हा तिथल्या कारकुनानं लाल पेननं सगळ्या पानांवर क्रमांक टाकले होते. उतारे, खंडाच्या पावत्या, आजोबांचा अंगठा असलेला एक कागद. आणि त्यांच्यामध्येच ते कात्रण, मागं कोरा कागद चिकटवलेलं, कडा पिवळ्या. काकांनी वकिलाला सगळा गठ्ठा दिला, वकिलानं सगळा दाखल केला, कारकुनानं त्यावरही क्रमांक घातला. पान ६३.

“हें काडूंक जाता?” दादानं विचारलं. काढता येईल का हे.

नोंदीतलं पान मधूनच काढता येत नाही, असं मी म्हणालो. त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. मी फायलीचा दोरा बांधला आणि ती त्याच्याकडे दिली.