मरीन टँकमधला घोळका: क्रोमिस नको, पजामा घ्या

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचपेटी, बघायला घरी येणाऱ्याचा एक प्रश्न ठरलेला असतो: "हे मासे घोळक्याने इकडून तिकडे पळत का नाहीत हो?" पळतील कशाला? मागे लागणारंच कोणी नाही. समुद्रात बरेच मासे थवा करतात तो जिवाच्या भीतीने. काचेच्या पेटीत शिकारी नाही हे त्यांच्या लवकर लक्षात येतं, मग भीती संपते आणि आपसात थोरला कोण याची भांडणं लागतात. म्हणून थव्यासाठी मासा निवडताना तो दिसतो कसा यापेक्षा भांडतो किती हे आधी बघावं.

दुकानात पहिल्यांदा पुढे येतो तो हिरवा क्रोमिस. स्वस्त, चकचकीत, दिसायला गरीब. पण शेवटी डॅमसेल या भांडखोर माशांच्याच खानदानातला! सहा-सात आणले की सगळ्यात लहानग्याला वरच्या कोपऱ्यात कोंडतात. त्याच्या शेपटीची टोकं कुरतडलेली दिसतात, खाणं टाकलं तरी खाली यायची त्याची हिंमत होत नाही. तो गेला की पुढच्याचा नंबर. त्यात यूरोनिमा हा परजीवी क्रोमिसला फार लागतो. अंगावर लाल चट्टा उठला की मासा वाचणं कठीण.

अँथियास मासे सुंदर, वादच नाही. एक नर, बाकी माद्या. नर मेला तर सगळ्यात वरचढ मादी नर होते. पण त्यांना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खायला लागतं. सकाळी हिंजवडीला जाऊन रात्री उगवणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

बंगाई कार्डिनल घ्यायचे तर जोडीच घ्या. घोळक्यात एकदा जोडी जमली की ती उरलेल्यांना जगू देत नाही. शिवाय मूळचा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांचा हा मासा तिथे धोक्यात आलाय, त्यामुळे टँकमध्ये पैदास केलेलाच मागा.

माझं मत पजामा कार्डिनलला. पिवळसर तोंड, लाल डोळा, मध्ये काळा पट्टा आणि मागच्या अर्ध्या अंगावर तांबूस ठिपके. दिवसभर एकत्र तरंगत उभे असतात, त्यामुळे काहींना कंटाळवाणे वाटतात. वाटू देत. लाइट मंद झाले की बघा, तेव्हा यांची खरी हालचाल सुरू होते. गोठवलेली मायसिस ही बारीक कोळंबी वितळवून टाकली की आवडीने खातात. चार फुटी, साधारण ३४० लिटरच्या टँकमध्ये पाच पुरेत. पाचही एका मापाचे घ्या, वेगळ्या टाकीत क्वारंटाइन करा आणि मग एकाच दिवशी सोडा. क्लाऊन माशांची जोडी त्यांच्यानंतर, कारण आधी सोडली तर ती जागा अडवून बसते. निळे-पिवळे डॅमसेल मात्र कितीही मोह झाला तरी नकोत.

आणि पुण्याचं म्हणून एक: गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात, मासे जास्त तितका ऑक्सिजनही जास्त लागतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. एप्रिल-मेमध्ये पंख्याने पाणी थंड ठेवत असाल तर ते भराभर उडतं. भर घालताना साधं आरओचं पाणी घाला, मिठाचं नाही. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं.

दोन फुटी टँकवाल्यांनी थव्याचा नाद सोडावा. क्लाऊनची एक जोडी ठेवा, बास.