पाणी सपाट दिसतंय? आधी वारा बघा

ग्रीक बेटांवर मोठ्या लाटा दिसल्या की माणूस आपणहून सावध होतो. गोत्यात आणतं ते बहुधा शांत, निळंशार पाणी.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. आकाश निरभ्र, ऊन कडक आणि वारा मात्र ६-७ ब्यूफोर्ट, म्हणजे ताशी ४० ते ६० किलोमीटर. शाळेतले खारे-मतलई वारे इथे कामाचे नाहीत. बाल्कनवरचा जास्त दाब आणि तुर्कस्तानावरचा कमी दाब यांच्या फरकातून मेल्टेमी तयार होतो, म्हणून कधीकधी तो रात्रीही थांबत नाही. एरवी सकाळी मंद, दुपारी जोरात. पोहणं सकाळीच उरकावं.

मिकोनोसचंच बघा. दक्षिणेकडच्या प्लातीस यालोस किनाऱ्यावर हा वारा बेटावरून उतरून समुद्राकडे जातो. काठाशी लाट उठायला अंतरच मिळत नाही, म्हणून पाणी तळ्यासारखं दिसतं. थोडं आत गेलं की डोंगराचा आडोसा संपतो आणि वारा ढकलायला लागतो. पोहणाऱ्याचं बहुतेक अंग पाण्याखाली असतं, त्यामुळे तो निदान झुंजू शकतो. हवेची गादी किंवा फुगवलेला फ्लेमिंगो म्हणजे मात्र निव्वळ शीड! मुलांना त्यावर बसवून काठावर डुलकी काढणं हा वेडेपणा आहे.

पाण्यात शिरण्याआधी छत्र्यांच्या झालरी बघा. त्या समुद्राकडे फडफडत असतील आणि दूरवर पांढरा फेस दिसत असेल, तर छातीएवढ्या पाण्यापुढे जाऊ नका. पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, तर त्या दिवशी काढूच नका. वारा किनाऱ्याला समांतर असेल तर जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतीला तोच मदत करतो. लाइफ जॅकेट हवंच. बोर्डचा पट्टा घोट्याला बांधून एकदा ओढून बघा, कारण वाळू अडकलेलं वेल्क्रो ऐन वेळी सुटतं. वाहवत जायला लागलात तर उभं राहू नका, उभं अंगही शीडच. पोटावर झोपून हातांनी वल्हवा. तरी काठ जवळ येत नसेल तर बोर्ड न सोडता हात हलवा, शिट्टी वाजवा. वॉटरप्रूफ पाउचमध्ये फोन असेल तर ११२ किंवा तटरक्षक दलाचा १०८. बोर्ड सोडून पोहत निघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर उलटं असतं. तिथे लाटा काठावर फुटतात आणि परतणारं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरात आत ओढतं. त्याच्याशी न झगडता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. लाल झेंडा असेल तर विषयच संपला. पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या पलीकडे स्पीडबोटी आणि जेट स्की असतात. त्यांना लाटांत तुमचं डोकं दिसत नाही.

पायांत पाण्यात घालायचे रबरी तळव्यांचे बूट घाला. सांतोरिनीच्या पेरिसाला काळ्या वाळूपुढे पाण्यात गुळगुळीत कातळ लागतो, तिथे हमखास पाय घसरतो. इतर खडकांवर सी अर्चिनचे काळे काटेरी गोळे असतात. वाळूत दडलेल्या, विषारी काट्यांच्या वीव्हर माशावर पाय पडला तर झोंबरी कळ येते. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, किमान अर्धा तास बुडवून ठेवा. बर्फ लावू नका. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर थेट ११२.