संहिता नसलेल्या नाटकाची पीडीएफ

5 नोव्हेंबर, रात्रीचा दीड

आज रंगभूमी दिन, सकाळपासून सगळ्या ग्रुपवर नटराजाचे फोटो आणि शुभेच्छा, आणि मी काय केलं तर दिवसभर टायपिंग. पोरं गेले सहा आठवडे तालमीत जे काय बडबडतायत ते मोबाईलच्या रेकॉर्डिंगवरून ऐकायचं, थांबवायचं, टाईप करायचं, परत मागे जायचं. मान गेलीये कामातून.

झालं असं की पुरुषोत्तम (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) संपल्यावर ही पोरं म्हणाली, ताई आता स्पर्धा नको, लेखक नको, आपण आपलं उभं करू. विषय पण त्यांचाच, सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या (खोली नाही, नुसती कॉट भाड्याने) खोल्या, अभ्यासिका, मेस, डिपॉझिट. दहातले सात जण स्वतःच असे राहतात त्यामुळे मटेरियल आणायला कुठे जायला नको. रोज एक इम्प्रोव्ह, म्हणजे न लिहिता जागच्या जागी सुचेल तसा सीन, चाललं ते ठेवायचं, नाही चाललं ते सोडून द्यायचं. मला म्हणाले तू फक्त प्रॉडक्शन बघ. फक्त! हॉलचं भाडं, लाइटवाला, टेम्पो, तालमीची जागा (कॉलेजने हॉल द्यायचं कबूल केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात कुलूप, त्यामुळे सध्या एकीच्या बिल्डिंगचं पार्किंग), आणि चहा. चहाचे आत्तापर्यंत 2,140 रुपये झालेत, हिशोब आहे माझ्याकडे.

पण तिकीट लावून प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांचं सरकारी सेन्सॉर बोर्ड) सर्टिफिकेट पाहिजे, आणि ते मिळतं संहितेला. लिहिलेल्या, पूर्ण संहितेला. आमच्याकडे होती एक वही, त्यात "मेसवाला सीन - भारी" आणि "रडायचं नाही इथे" असल्या नोंदी. दिग्दर्शक पोरगा म्हणे मंडळाला सांगू ना की दर प्रयोगाला वेगळं होतं. म्हणलं सांग बाबा तू, मी येते बघायला.

गंमत म्हणजे 1843 ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, ज्याच्यामुळे आजचा हा दिवस, त्यातसुद्धा पदं तेवढी रचलेली होती, मधलं गद्य पात्रं आपापलं बोलायची. म्हणजे आमची पोरं काही फार नवीन करत नाहीयेत. हे मी तालमीत सांगितलं तर एक जण म्हणाला, मग त्यांना सर्टिफिकेट कुणी दिलं. काय बोलणार.

तर संध्याकाळी पीडीएफ ग्रुपवर टाकली, 38 पानं. सगळे खूश, स्क्रीनशॉट काढतायत, आपलं वाक्य छापल्यासारखं दिसलं की कोणालाही भारीच वाटतं. पण एकीचा मेसेज नाही. नऊ वाजता फोन आला. लातूरकडची आहे ही, दोन वर्षं एमपीएससी करत होती, मग सोडून परत कॉलेजला आली. तिचा एक सीन आहे, वडिलांचा फोन येतो, ते फक्त जेवलीस का एवढंच विचारतात आणि ती रिझल्टचं खोटं सांगते. पूर्ण नाटकातला सगळ्यात चांगला सीन, खरं सांगायचं तर त्याच्याच जिवावर मी हॉल बुक केला. ती म्हणाली, ताई, पार्किंगमध्ये बोलले तेव्हा ते आपल्यात होतं, आता पान 21 वर आहे. "मुलगी" असं लिहिलंय तुम्ही, पण घरच्यांनी वाचलं तर त्यांना कळेल ना कोण मुलगी.

मी आधी सगळं बोलून बघितलं, लाज वाटते आता लिहिताना. नाव नाहीये तुझं, गाव बदलू, वडिलांच्या जागी मामा करू. ती ऐकून घेत होती, हो ताई, हो ताई, आणि मग म्हणाली, मामा कधी जेवलीस का विचारत नाही हो.

मग गप्प बसले. सहा आठवड्यात एकदाही कुणाला विचारलं नव्हतं की हे तू जे सांगतोयस ते नाटकात चालेल ना. तालमीत रडलं की सगळे टाळ्या वाजवायचे आणि मी वहीत लिहायचे, भारी.

पान 21, 22, 23 काढून टाकलं. दिग्दर्शकाला कळवलंय, त्याने फक्त "ओके" पाठवलंय म्हणजे उद्या तालमीत भांडण आहे. नाटक आता 47 मिनिटांचं राहिलं, तेवढ्यासाठी दीडशेचं तिकीट लावायचं का ते बघायला लागेल. आणि फॉर्मवर लेखकाच्या नावाचा रकाना अजून रिकामा आहे, दहा नावं मावत नाहीत त्यात.

टेम्पोवाल्याला सकाळी आठच्या आत फोन.