पिना लावल्या तर चालत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय काढला की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठून जातात. गोधडी शिकायला येणारी प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हेच विचारते: "ताई, थर हलू नयेत म्हणून आधी कच्चे टाके घालायचे, मग शिवायचं, मग तेच टाके उसवायचे. दुप्पट काम कशाला? पिना लावल्या तर चालत नाही का? आणि तो चिकटवायचा स्प्रे मिळतो म्हणे?"

चालतं की. पण गोधडी हाताने शिवणार की मशीनवर, आणि किती दिवसांत पुरी करणार, ते आधी सांगा.

आमचं घर अमळनेरकडचं. मोठी माय, म्हणजे वडिलांची आई, गोधडी घालायची ती अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास. लेकी माहेरी आलेल्या असायच्या, म्हणजे चार कोपऱ्यांना चार हात. जागा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, आणि वेळ पहाटेची, कारण नऊ वाजले की तिथे पाय ठेववत नाही. नऊवारी लुगडं चार पदरी केलं की माणसाएवढं लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास रुंद होतं. त्याच्या पोटात जुनी धोतरं, बाह्या काढलेले सदरे, विरलेली पातळं. कोणी कोपरा धरून ओढायला लागलं की ती तिथूनच ओरडायची, "ताणू नको, बसाड." म्हणजे ओढू नको, नुसतं बसव.

कच्चे टाके घाला, पिना लावा नाहीतर स्प्रे मारा, सगळं या दोन शब्दांत आलं. कापड ताणून धरलं की ते त्या घटकेला छान सपाट दिसतं. सोडलं की आपल्या मापावर परत येतं, आणि वरचा थर तेवढाच राहिल्यामुळे त्याला सुरकुत्या पडतात. म्हणून खालचा थर उलटी बाजू वर करून फरशीवर टाकायचा, कडांना मास्किंग टेप लावायची, पण सतरंजीसारखा पडू द्यायचा, तंबूसारखा ओढायचा नाही. त्यावर मधला थर, तळहाताने मध्यापासून बाहेर सारत. मग वरचा. खालचा थर चारी बाजूंनी चार बोटं जास्त ठेवा. शिवताना वरचा थर सरकतो, आणि खालचा कमी पडला तर मागाहून काही करता येत नाही. पंखा बंद. मे महिन्यात पारा 44 वर असताना पंखा बंद करून फरशीवर रांगणं ही काय चीज आहे ते जळगाव-भुसावळकडच्यांना सांगायला नको.

आता कच्चे टाके. लांब सुई, साधा सुती दोरा, आणि तो पांढराच. उठून दिसावा म्हणून मी एकदा लाल घेतला होता. उसवला, पण पहिल्या धुण्याआधीच घामाच्या हातांनी त्याचा रंग बदामी कापडावर उतरला होता. अजून दिसतो. सुरुवात मध्यातून. दोऱ्याची लांबी भरपूर घ्यायची, त्याचा अर्धा भाग मध्याशी सोडून ठेवायचा, एका बाजूने कडेपर्यंत जायचं, मग परत येऊन उरलेल्या अर्ध्याने दुसऱ्या बाजूला. म्हणजे मध्यात गाठ येत नाही. टाका दोन-तीन बोटं लांब, दोन ओळींत चार-पाच बोटं अंतर, आधी उभ्या ओळी, मग आडव्या. सुई खाली फरशीला टेकल्याचा कर्रर्र असा आवाज आला की समजायचं, तिन्ही थर घेतले. तो आवाज आला नाही तर तुम्ही फक्त वरचं कापड शिवताय. आणि दोरा ओढून घट्ट करायचा नाही. कापड त्याच्याखाली खड्ड्यात गेलं तर तो टाका चुकला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आपली गोधडी बहुतेक वेळा कडेपासून सुरू होते. चौकोनात चौकोन, ओळीत ओळ, करत करत आत मध्याकडे जायचं. त्यामुळे जो काही ढिलेपणा असेल तो प्रत्येक फेरीबरोबर आत ढकलला जातो. शेवटच्या वीतभर जागेत पोचलात की तिथे कापड उभं राहतं. आमच्याकडे म्हणतात, गोधडीला पोट सुटलं. मग एक चुणी घालून ते दाबायचं आणि पाहुण्यांसमोर घडी त्या बाजूने घालायची. मध्यातून बाहेर शिवणाऱ्यांचा ढिलेपणा कडेला निघून जातो, त्यांचं पिनांवर निभतं. आपलं निभेलच असं नाही.

दुसरं म्हणजे वेळ. हातशिलाईची गोधडी दोन-दोन महिने चालते. रोज घडी घालून ठेवायची, रोज उलगडायची. पोरं तिच्यावर लोळतात, मांजर बसते. पिना त्यात वाकतात, उघडतात, आणि जुन्या विरलेल्या लुगड्यात तर भोकंच पाडतात. दमट दिवसांत गंज उतरतो तो वेगळाच. दोरा अंगात मुरून राहतो, टोचत नाही.

मशीनवर शिवणार असाल आणि आठवड्यात उरकणार असाल, तर खुशाल पिना लावा. पाठीला बाक दिलेली सेफ्टी पिन मिळते, ती घ्या. सरळ पिन लावताना कापड उचललं जातं आणि बसाडलेलं सगळं हलतं. अंतराचं माप सोपं आहे: गोधडीवर कुठेही मूठ ठेवा, तिला पिन लागलीच पाहिजे. सगळ्या पिना लावून झाल्यावर एकदम बंद करा, नाहीतर बोटं दुखतात. आणि मोजून घ्या, मोजून परत ठेवा. माझी एक पिन हरवली होती, ती भाच्याच्या तळपायाला सापडली. सुई जवळ आली की पिन काढायची. तिच्यावरून मशीन नेली तर सुईचा तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

स्प्रे मी वापरते, लहान कामाला. पाळण्यातल्या गोधडीला पाच मिनिटांत होतं. पण तो पेट घेणारा असतो, म्हणून खिडक्या उघड्या, गॅस बंद. हलका फवारा आणि तोही मधल्या थरावर; जास्त मारला की सुई चिकट होते आणि टाके सुटतात. डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. त्याच्यावर 50 अंशांच्या वर तापू देऊ नये असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडच्या गाड्या उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत गाठतात. जुन्या कपड्यांच्या पाच-सहा थरांच्या गोधडीला मात्र स्प्रे विसरा, प्रत्येक थराला मारत बसलात तर अख्खा डबा जाईल.

मैद्याची खळ लावून पाहू नका. मी पाहिली, श्रावणात, पैसे वाचवायला. दोन दिवसांत मुंग्या, आठवड्यात बुरशीचा वास. गोधडी धुतली तर कच्चे थर पाण्यात एकमेकांपासून सुटून बादलीत गोळा झाले. कपड्याच्या दुकानात लेबल लावायची बंदूक असते, तिनेही थर धरता येतात असं काही जणी सांगतात; माझ्या हाताला ती बसली नाही.

उसवण्याचं काय, तेही विचारता. सगळं एकदम उसवू नका. शिलाई जिथपर्यंत पोचली तिथपर्यंतचे टाके कापा, पुढचे राहू द्या. मोठी माय कापायचीही नाही. एक टोक धरून अख्खा दोरा ओढून घ्यायची आणि आगपेटीला गुंडाळून ठेवायची, पुढच्या अखाजीसाठी. मी तसं करायला गेले की दोरा मध्येच तुटतो. रिळाचा दोरा कच्चा असेल, किंवा मी टाके जास्त घट्ट घालत असेन.