तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे मी खाते काय

एकटीनं परदेशी जाऊन आलं की फोटो कोणी धड बघत नाही. प्रश्न ठरलेला असतो. ‘अगं, पण तिकडे तू खाल्लंस काय?’ नणंद विचारते, बँकेतल्या मैत्रिणी विचारतात, लिफ्टमध्ये भेटणारे वरच्या मजल्यावरचे काका विचारतात. मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देऊन मोकळे होतात: ‘थेपले नेले असशील, दुसरं काय!’ इस्तंबूलहून आल्यापासून हे इतक्यांदा झालंय की आता एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पुढे करीन.

थेपले नेले होते. बहुतेक परत आणले.

उपाशी राहिले नाही, उलट वजन वाढलं. तिथली न्याहारी म्हणजे अर्धं जेवणच. दोन-तीन तऱ्हांचं चीज, काळे-हिरवे ऑलिव्ह, टोमॅटो-काकडी, मुरंबे, आपल्या सायीची थोरली बहीण शोभेल असं कायमाक आणि त्यावर मध, अंडी, आणि ब्रेड हवा तेवढा. (अंडं खाते, हो. घरात नाही, बाहेर. त्यावर वेगळा प्रश्न नको.) दहा वाजता असं जेवलेलं माणूस तीन वाजेपर्यंत खाण्याचं नाव काढत नाही.

माझं नियोजनही ऐकाच. मी आधी हॉटेल बघत नाही, बाजार बघते. म्हणून पर्यटकांच्या गर्दीतलं सुलतानअहमेत सोडून आशियाच्या बाजूला, कादिकॉयला खोली घेतली. एका बाईंच्या घरातली, स्वयंपाकघर वापरायची मुभा असलेली. तिथल्या बाजारात मासळी, लोणची, चीज आणि ऑलिव्ह एकाच गल्लीत मांडलेलं असतं. तिथून फेरीबोटीनं वीसेक मिनिटांत एमिनोनूला उतरता येतं. बोटीत छोट्या कमरेच्या ग्लासातून चहा, हातात सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा ब्रेड. युरोप तेवढ्यात येतो.

दुपारी लोकांता. म्हणजे कामकऱ्यांच्या खाणावळी, काचेमागे वाफेवर ठेवलेल्या भाज्या, बोट दाखवायचं आणि घ्यायचं. इथे खरी मेख आहे. वांग्याचे दोन पदार्थ शेजारी शेजारी असतात, दोन्ही पोट फाडून भरलेले, दोन्ही तेलात चमकणारे. इमाम बायिल्दीमध्ये कांदा-टोमॅटो असतो आणि कार्नियारिकमध्ये खिमा. पाटीवर झेतिन्याली लिहिलं असेल, म्हणजे ऑलिव्ह तेलातलं आणि गार वाढायचं, तर बहुतेक निर्धास्त घ्यावं: फरसबी, आर्टिचोक, लीक, राजम्याचा भाऊबंद बारबुन्या. पांढराशुभ्र भात मात्र विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, तो बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. मसूरडाळीच्या सुपाचंही तेच, नुसतं मांस आहे का विचारून भागत नाही, मांसाचं पाणी आहे का तेही विचारायचं. आणि मिठाईच्या दुकानात तवुक ग्योसू नावाची पांढरी, मऊ खीर दिसली तर हात आवरा. तिच्यात कोंबडीच्या छातीचं मांस तंतू तंतू करून घोटलेलं असतं. ऑटोमन राजवाड्यातला पदार्थ आहे, चांगलाच नावाजलेला. त्यापेक्षा सुतलाच घ्या, ती आपलीच तांदळाची खीर, वरून भट्टीत करपवलेली. उलट चिग क्योफ्ते हे नाव मूळचं कच्च्या मांसाच्या गोळ्याचं, पण दुकानात कच्चं मांस घालून विकायला बंदी आल्यापासून तिथे मिळतो तो बल्गर गहू, टोमॅटोची पेस्ट आणि काळपट तिखट मळून केलेला. लावाश म्हणजे पातळ रोटी, तिच्यात गुंडाळून, वर डाळिंबाचा आंबट पाक. माझ्या कित्येक संध्याकाळी त्यावरच निघाल्या.

विमानाचंही विचारलं जातं. ‘हिंदू मील’ मागू नका, त्यात कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागा, तेही आदल्या दिवसाच्या आत.

झालं? नाही होत. इतकं सांगितलं की पुढचा प्रश्न तयारच असतो: ‘एवढी यातायात करण्यापेक्षा ग्रुप टूरनं का जात नाहीस? महाराज असतात बरोबर.’

गेलेय. आईला घेऊन युरोपला गेले होते. रोज संध्याकाळी, नेमकं गाव उजळायच्या वेळेला, बस आम्हांला घेऊन गावाबाहेरच्या भारतीय रेस्टॉरंटकडे निघायची. पनीर, मिक्स व्हेज, जिरा राईस. एकदा पिठलं मिळालं तेव्हा आईचा चेहरा असा फुलला की मी टूरवाल्यांना नावं ठेवणार नाही. पण माझ्या सगळ्या संध्याकाळी त्या बसमध्ये गेल्या.

मग नवऱ्याबरोबर जा. तेही केलं. तो सगळं खातो, आणि भला माणूस आहे, हीच अडचण. बँकॉकला रस्त्यावर खेकडे परतले जात असताना तो एक नजर तव्याकडे टाकायचा, एक माझ्याकडे, आणि म्हणायचा, ‘चल, आधी तुझं बघू.’ माझं बघण्यात त्याची भूक मरायची. शेवटी तो माझ्या समोर बसून तोच बेचव पास्ता खायचा. एका रात्री मीच रडले, तो बिचारा विचारत राहिला की पास्ता वाईट होता का. तेव्हापासून एकटी जाते. शाकाहारी असून एकटी जाते याचं तुम्हांला नवल वाटतं, पण एकटी जायला लागले ती शाकाहारामुळेच. माझ्या जेवणाचा भार दुसऱ्या कुणाच्या सुट्टीवर पडत नाही, हे सुख काय असतं ते तुम्हांला कळायचं नाही.

हे मी पूर्वी फार ऐटीत सांगायचे. आमच्या महिला मंडळात चक्क भाषण ठोकलं होतं की शाकाहारी माणसाचं जगात कुठेही अडत नाही, गृहपाठ करायला हवा. टाळ्याही पडल्या. त्या बाईला आता दोन शब्द सुनवावेसे वाटतात. गृहपाठ दुकानांचा होतो गं. माणसांचा कुठला करणार?

ज्यांच्या घरी उतरले त्या बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. मी त्यांना तेयझे म्हणायचे, म्हणजे मावशी. इंग्रजी त्यांना चार शब्द येत होतं, मला तुर्की तेवढंच, बाकी फोन भाषांतर करायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, मांस का नाही खात? धर्म? मी सांगितलं, डॉक्टरांनी मना केलंय. असं सांगणं सोपं असतं. प्रवासात कित्येक शाकाहारी हेच सांगतात, समोरचा लगेच मान डोलावतो आणि पुढचे प्रश्न वाचतात. तेयझेंनीही मान डोलावली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवसापासून न्याहारीला एक अंडं जास्त द्यायला लागल्या.

निघायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, आज रात्री बाहेर खायचं नाही. दुपारी मी परतले तेव्हा त्या ओट्यापाशी बसून द्राक्षाच्या पानांच्या सुरळ्या करत होत्या. पान पसरायचं, शिरा आपल्याकडे, चिमूटभर सारण, दोन्ही कडा आत, आणि करंगळीएवढी घट्ट सुरळी. सारमा. भांड्यात थरांवर थर रचलेले, शिजताना उलगडू नयेत म्हणून वर उपडी ताटली दाबलेली. मी मदतीला बसायला गेले तर हाताला धरून बाहेर काढलं. भातभरलेला सारमा मी तिथे रोज कुठे ना कुठे खाल्ला होता. मला शंकासुद्धा आली नाही.

रात्री टेबलावर ताट आलं आणि सारम्यातून वाफ येत होती. शेजारी वाडग्यात लसणीचं दही. तेव्हाच पोटात गोळा आला, कारण एवढं मी वाचून गेले होते: ऑलिव्ह तेलातला सारमा गार वाढतात, लिंबाबरोबर. गरम आणि वर दही, म्हणजे खिम्याचा.

मी विचारलं, मांस आहे का. तेयझेंनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं, एवढंसं. मग फोन उचलला, त्यात बोलल्या आणि पडदा माझ्याकडे वळवला. मांस फार कमी घातलंय, तुझ्यासाठी. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा फोनमध्ये सांगितलं: एकानं काही होत नाही, डॉक्टरांना कोण सांगणार आहे. आणि हसल्या. इतक्या लाडानं हसल्या की माझी आई आठवली, मधुमेह असलेल्या मामाला जिलबी वाढताना ती अशीच हसायची.

आता काय सांगणार? डॉक्टर नाहीत, असं? मग धर्म, असं? धर्म म्हणावा तर तो नवरा पाळत नाही. प्राण्यांची दया? आमच्या घरात मांस न खाण्याचं कारण दया आहे, असं मला कधी कोणी सांगितलं नाही. आमच्या घरात आजीच्या स्वयंपाकघराबाहेर एक कपबशी वेगळी ठेवलेली असायची. कुणासाठी, ते तुम्हांला सांगायला नको. हॉस्टेलवर वेंगुर्ल्याची रूममेट आईनं दिलेली सुकटीची चटणी व्हरांड्यात जाऊन खायची. मी तिला जा असं कधी म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं. हे सगळं फोनमध्ये बोलून तुर्कीत कसं करायचं?

मी हात जोडले. तेयझेंचं हसू एकदम गेलं नाही, थोडं थोडं गेलं. मग त्यांनी माझ्यासमोरचं ताट उचललं, सारमे एक एक करून परत भांड्यात ठेवले, झाकण लावलं. स्वतःच्या ताटातलेही ठेवले. फ्रीज उघडून टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या काढल्या आणि मेनेमेन करायला घेतलं. मी ‘राहू दे, राहू दे’ म्हणत मराठीत बोलायला लागले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. टोमॅटो शिजून पाणी आटेपर्यंत त्या तव्यासमोर उभ्या होत्या, मग दोन अंडी फोडली. आम्ही दोघी एकाच तव्यातून ब्रेडनं ते खाल्लं. चांगलं झालं होतं. स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांना आरोग्य मागणारं एक वाक्य तिथे जेवण झाल्यावर म्हणतात. मी ते पाठ करून गेले होते. म्हटलंही. त्यांनी मान हलवली.

सकाळी दोन्ही गालांवर पापे घेऊन निरोप दिला, लोकुमचा, म्हणजे तिथल्या मिठाईचा, डबा पिशवीत कोंबला. राग होता का? माहीत नाही. नंतर मी फोटो पाठवला, त्यांनी एक ट्युलिप पाठवला.

हे सांगितलं की तुमचे दोन गट पडतात. एक म्हणतो, खायचा की एक! त्या बाईनं अर्धा दिवस घालवला, कोण बघणार होतं? दुसरा म्हणतो, शाब्बास, आपलं सोडलं नाहीस. खरं सांगू, मला दुसऱ्या गटाचा जास्त राग येतो. ‘आपलं’ म्हणजे काय ते मला त्या टेबलावर बसून धड सांगता आलं नव्हतं, आणि हे मला त्याचीच शाबासकी देतात. पहिल्या गटाला माझ्याकडे उत्तर नाही. घशाखाली उतरलाच नसता, एवढंच. त्याला तत्त्व म्हणा, सवय म्हणा, किळस म्हणा. मला स्वतःला तिन्ही वेगळे करून दाखवता येत नाहीत. वेंगुर्लेकरणीला ये म्हटलं असतं तर ती आली असती का? कदाचित नाही. तरी एक सांगते, मी खात नाही म्हणजे दुसऱ्यानं खाऊ नये असं मी कधी म्हटलेलं नाही. हं, कपबशी माझीही नव्हती. पण घर माझंच होतं.

तर आता पुढचं. जॉर्जियातलं तिबिलिसी बघतेय. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, मडक्यातला राजमा, चीजभरली खाचापुरी, खाण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच. पण जॉर्जियातली माणसं पाहुण्याला खाऊ घालण्यात तुर्कांनाही हरवतील, असं सगळे सांगतात, आणि मी खोली पुन्हा कुणाच्या तरी घरातलीच बघितलीय. हॉटेलात राहा म्हणाल. हॉटेलात तेयझे भेटत नाहीत.

तिथल्या ऑर्थोडॉक्स पंथात बुधवार-शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी कित्येक आठवडे उपास असतो. उपासाचं जेवण म्हणजे मांस नाही, दूध नाही, अंडंही नाही, आणि घरोघरी ते करायला येतं. नुसतं ‘उपास आहे’ म्हटलं की कोणी आग्रह करत नाही म्हणे. नवरा म्हणतो, बघ, तुझा प्रश्न सुटला, तसंच सांग. नणंद म्हणते, उपास आहे हे कुठे खोटं आहे, तू सोमवार करतेसच. मी अजून खोली पक्की केलेली नाही.